काठी घ्यावी की पॅड? कंट्रोलरच्या धंद्यातील काही गोष्टी

मारामारीचे व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, असे समजून आपले बहुतेक व्यापारी या मालाकडे फिरकत नाहीत. परंतु २०२३ साली चीनमधील हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’ पदकासाठी खेळवला गेला आणि भारताचे खेळाडूही त्यात उतरले. जळगाव-धुळ्याच्या दुकानांत मुले आता नेमका कोणता कंट्रोलर घ्यावा, असे विचारतात. डब्यावरचे चित्र दाखवून त्यांचे समाधान होत नाही.

या खेळांत डाव टाकायचा तर खाली, तिरके, पुढे अशी दिशा फिरवून लगेच ठोशाचे बटण दाबावे लागते. खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने चालतो. दोन-चार चित्रांचा उशीर झाला तरी समोरचा मार देऊन मोकळा होतो.

साधा पॅड स्वस्त, हलका आणि सगळ्यांच्या ओळखीचा. ‘टेकेन’मध्ये दोन हात व दोन पाय यांची चारच बटणे, त्यामुळे पॅडवर अडचण येत नाही. ‘स्ट्रीट फायटर’ला मात्र सहा बटणे लागतात. त्यांतली दोन वरच्या कडेला जातात आणि नवखा तिथेच चुकतो. शिवाय दिशेचा सगळा भार डाव्या अंगठ्यावर. तासाभराच्या खेळानंतर आमचा अंगठा दुखू लागला, हे कबूल करतो. दिशेसाठी फिरती दांडी न वापरता फुलीसारखे बटण वापरावे. डाव नेमका बसतो.

काठीची पेटी जुन्या पार्लरच्या यंत्रासारखी असते. काठीच्या तळाशी चार मायक्रोस्विच असतात आणि काठी झुकली की ‘टिक्’ आवाज येतो. येथे अंगठ्याऐवजी मनगट व बोटे काम करतात. पेटी मात्र जड, ती मांडीवर किंवा टेबलावर नीट टेकलेली हवी. तिसरा प्रकार बिनकाठीचा: दिशेलाही बटणेच. हात फार हलवावा लागत नाही, डाव झटपट निघतात, पण सवय व्हायला वेळ लागतो.

आता टिकाऊपणाचे बोलू, कारण दुकानदाराचे नाव त्यातच जाते. आम्ही स्वस्तातला एक पॅड घेतला होता. काही महिन्यांतच हात न लावता पडद्यावरचा पैलवान डावीकडे सरकू लागला. दांडीखालचा कार्बनचा पट्टा घासला की असे होते. चुंबकाचा सेन्सर असलेल्या दांडीत घर्षणच नसते, म्हणून तो माल थोडा महाग पडला तरी ठेवावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. घामेजलेल्या हातांनी रबराची पकड चिकट होते. धुळ्यात तर मागाच्या सुताचे बारीक तंतू फटीतून आत जातात. पॅड उघडून रबर व पट्टी स्पिरिटने पुसली की मेल्यासारखे वाटणारे बटण बरेचदा पुन्हा चालू लागते. गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल उघडणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही.

आमच्या मते खरी कमाई पेटी बनवण्यात आहे. परदेशी पेटीच्या किमतीत कितीतरी साधे पॅड येतात, म्हणून गिऱ्हाईक मागे सरते. पण पेटीत असते काय? प्लायवूडचा किंवा पत्र्याचा खोका, ३० मिलिमीटरची भोके, बटणे आणि एक छोटा बोर्ड. २०२१ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिको या स्वस्त बोर्डावर चालणारी जीपी२०४० सीई ही प्रणाली फुकट मिळते. म्हणजे सुताराचे हुन्नर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्याची डाकणी एकत्र आली की माल तयार. सुरुवातीला एकच पेटी करावी, कडा चांगल्या घासून गोल कराव्यात (धारदार कडेवर मनगट टेकले की गिऱ्हाईक परत येत नाही), आणि ती दुकानात खेळायला ठेवावी. चार दिवसांत मुलेच सांगतील, कोणते बटण बोटभर इकडे घ्यायला हवे.