चारमिनार रुपया

चारमिनार रुपया हे हैदराबाद संस्थानाच्या 'हाली सिक्का' चलनातील चांदीचे नाणे होय. मुरुम (तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव) हे गाव १९४८ पर्यंत याच संस्थानात होते. त्या परिसरातील जुन्या घरांत हा रुपया अजूनही आढळतो.

ओळख

नाण्याच्या एका बाजूस चारमिनार असतो. त्याच्या मधल्या कमानीतील अक्षर पाहावे: 'मीम' असल्यास नाणे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे, 'ऐन' असल्यास सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे. सन हिजरी असून फारसी अंकांत असतो. हिजरी १३३० म्हणजे साधारण इ.स. १९१२.

मूल्य

या रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम व चांदी सुमारे ८२ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम. ब्रिटिश 'कलदार' रुपयात ती १०.६९ ग्रॅम असे. सात हाली रुपयांस सहा कलदार हा जुना दर या फरकाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. १९४० च्या दशकात मात्र चांदी ५० टक्क्यांवर आली. म्हणून सन वाचल्याविना नाणे मोडीत देऊ नये. दुर्मीळ सनाच्या, न झिजलेल्या नाण्यास संग्राहक चांदीपेक्षा अधिक किंमत देतात. दागिन्यासाठी कडी डाखलेल्या नाण्याची किंमत घटते.

जतन

चिंच, राख किंवा दंतमंजनाने नाणे घासू नये. काळसर थर हा दोष नव्हे. घासल्याने अक्षरांचे उठाव झिजतात, आणि ती झीज भरून निघत नाही. नाणे कडेने धरावे व कोरड्या जागी स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवावे.