शेवटच्या पन्नास किलोमीटरचा खर्च

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली मलेरियाची आर-२१ ही लस जुलै २०२४ पासून पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशात लहान मुलांना द्यायला सुरुवात झाली. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते. पुण्याहून विमानाने राजधानी, तिथले शीतगृह, मग जिल्ह्याचे ठिकाण, इथवरचा प्रवास बहुतेक वेळा सुरळीत होतो. खरा प्रश्न त्यापुढचा असतो. आफ्रिकेच्या अनेक ग्रामीण भागांत डांबरी रस्ता जिल्ह्याच्या गावी संपतो. पुढे लाल मातीची वाट, पावसाळ्यात चिखल आणि पूल नसलेले ओढे. बर्फाच्या पिशव्या घातलेली लशीची पेटी घेऊन आरोग्यसेवक त्या वाटेने निघतो. त्याच्याकडे चालू मोटारसायकल असेल तर दिवसात तीन-चार गावे होतात. पायी जायचे असेल तर एखादेच होते. आणि मोटारसायकल असून बंद पडलेली असेल, तर बऱ्याचदा पेटी केंद्रातच राहते.

शिवाय ही लस एकदा देऊन भागत नाही. बाळ पाच महिन्यांचे झाल्यापुढे तिच्या चार मात्रा द्याव्या लागतात. म्हणजे एकाच गावाला ठरलेल्या वेळी चार फेऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत झाले आणि तिथे दगावलेल्यांपैकी चारातले तीन जण पाच वर्षांखालील मुले होती. चुकलेल्या एका फेरीची किंमत या आकड्यांवरून समजते.

दिसणारे दान आणि न दिसणारा खर्च

आफ्रिकेतील खेड्यांच्या आरोग्यासाठी जगभरातील साधी माणसे पदरमोड करत असतात. कुणी धावण्याची शर्यत भरवते, कुणी शाळेत खाऊ विकून पैसे जमवते, कुणी वाढदिवसाच्या भेटीऐवजी देणगी मागते. हा पैसा थोडाथोडा येतो आणि मनापासून दिलेला असतो. पण देणाऱ्याला स्वाभाविकपणे दिसणारी वस्तू द्यावीशी वाटते. रुग्णवाहिका, सोनोग्राफीचे यंत्र, ऑक्सिजन तयार करणारे उपकरण. त्याचा फोटो निघतो, त्यावर नावाची पाटी लागते.

पुढे काय होते? गरीब देशांतील रुग्णालयांत असलेल्या एक लाखाहून अधिक उपकरणांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४० टक्के उपकरणे बंद अवस्थेत आढळली. कारणे फार गुंतागुंतीची नव्हती. यंत्र चालवण्याचे आणि दुरुस्तीचे प्रशिक्षण नाही, सुटे भाग मिळत नाहीत, विजेचा दाब कमी-जास्त होतो. ऑक्सिजन यंत्राची धुळीने भरलेली गाळणी बदलली नाही, की ते यंत्र चालू दिसते पण त्यातून पुरेसा प्राणवायू येत नाही. दात आहेत तर चणे नाहीत, अशी ही अवस्था. त्यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेने उपकरणांच्या देणगीबाबत मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचे सार असे, की घेणाऱ्याने मागितलेलीच वस्तू द्यावी आणि ती चालू ठेवण्याची सोय आधी पाहावी.

शर्यतीच्या मैदानातून सुरू झालेले काम

ही गोष्ट काही मोटारसायकलवेड्या माणसांच्या फार आधी लक्षात आली होती. १९८० च्या दशकात अमेरिकी शर्यतपटू रँडी मामोला मोटारसायकल शर्यतींना येणाऱ्या प्रेक्षकांकडून आफ्रिकेतील मुलांसाठी पैसे जमवत असत. त्या दशकाच्या अखेरीस ते आणि ब्रिटिश पत्रकार बॅरी कोलमन हा पैसा कसा वापरला जातो हे पाहायला सोमालियात गेले. तिथे त्यांना आरोग्यसेवेची वाहने धूळ खात पडलेली दिसली. त्यांतली कित्येक जवळपास नवी होती. कुठे ऑइल बदललेले नव्हते, कुठे एखादा किरकोळ भाग मिळत नव्हता. आणि मोटारसायकल दुरुस्त करणे तर या दोघांच्या रोजच्या जगातली गोष्ट होती.

बॅरी, त्यांच्या पत्नी अँड्रिया आणि मामोला यांच्या या प्रयत्नांतून ‘रायडर्स फॉर हेल्थ’ ही संस्था उभी राहिली. १९९६ मध्ये तिला स्वतंत्र संस्थेचे रूप आले. तिने नव्या गाड्या वाटण्यापेक्षा गाडी बंदच पडू न देण्यावर भर दिला. आरोग्यसेवकाला गाडी चालवण्याइतकेच ती रोज तपासण्याचेही शिक्षण दिले जाई. सकाळी निघण्यापूर्वी पेट्रोल, ऑइल, चेनचा ताण, नट-बोल्ट आणि ब्रेक पाहायचे. ठरावीक किलोमीटर झाले की प्रशिक्षित मेकॅनिक जागेवर येऊन सर्व्हिसिंग करणार आणि गाडी चांगली चालत असली तरी झिजणारे भाग वेळेआधी बदलणार. वैद्यकीय भाषेत सांगायचे तर हा प्रतिबंधक उपचार झाला.

पहिला मोठा प्रयोग झाला लेसोथोमध्ये. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा छोटा डोंगराळ देश. तिथली सर्वांत सखल जागाही साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर आहे. संस्थेच्या नोंदीनुसार तिथे ४७ मोटारसायकली सात वर्षे एकदाही रस्त्यात बंद न पडता धावल्या.

यासाठीचा पैसा कुठून आला? पुढे मोठ्या संस्थांचेही साहाय्य मिळाले, पण सुरुवातीचा आणि अनेक वर्षे टिकलेला आधार शर्यतींच्या चाहत्यांचा. ब्रिटनमधील मोटारसायकल ग्रां प्रीच्या आठवड्यात एक दिवस या कामासाठी राखला जाई. चाहते तिकीट काढून येत, खेळाडूंना भेटत, त्यांच्या सह्या घेत. खेळाडूंचे हातमोजे, शिरस्त्राणे, वळणावर रस्त्याला घासून झिजलेले गुडघ्यावरचे तुकडेसुद्धा लिलावात विकले जात. एका झिजलेल्या तुकड्याच्या बदल्यात आफ्रिकेतल्या एखाद्या मोटारसायकलीची चेन बदलली जात होती.

रक्ताच्या थेंबाचा प्रवास

लेसोथोत एचआयव्हीचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. तिथे प्रौढांमध्ये साधारण चार-पाच जणांमागे एकाला हा संसर्ग आहे. अशा आईच्या पोटी जन्मलेल्या बाळाला संसर्ग झाला आहे का, हे नेहमीच्या साध्या तपासणीतून कळत नाही. कारण आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यासाठी थेट विषाणू शोधणारी तपासणी लागते आणि ती अनेकदा मोठ्या प्रयोगशाळेत होते. बाळ साधारण सहा आठवड्यांचे असताना त्याच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन ते जाड कागदाच्या कार्डावर वाळवतात आणि ते कार्ड प्रयोगशाळेत पाठवतात.

हे कार्ड वेळेवर पोहोचणे आणि अहवाल वेळेवर परत येणे फार महत्त्वाचे असते. उपचार मिळाले नाहीत तर संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाआधी आणि निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात. उलट, निदान होताच औषधे सुरू केली तर बाळांचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशाने घटतात, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात दिसले. तपासणी उपलब्ध आहे, औषध उपलब्ध आहे, पण कार्ड डोंगरावरच्या दवाखान्यातील टेबलावर पडून राहिले, तर दोन्हींचा उपयोग नाही.

पूर्वी ही कार्डे आणि रक्त-थुंकीचे नमुने एखादी नर्सच एसटीसारख्या सार्वजनिक गाडीने घेऊन जाई, किंवा दवाखान्याची गाडी कधी शहरात जाईल याची वाट पाहिली जाई. नर्स नमुने पोहोचवायला गेली की त्या दिवशी दवाखान्यात रुग्ण तपासायला कुणी नसे. लेसोथोत २००८ पासून ‘रायडर्स’ने नमुन्यांसाठी वेगळे मोटारसायकलस्वार नेमले. ठरलेल्या वारी ते प्रत्येक दवाखान्यात जातात, नमुने घेतात आणि मागचे अहवाल देऊन येतात. टपालासारखीच ही व्यवस्था. तिच्यात चमत्कार काही नाही, फक्त ती चुकत नाही. पुढे नायजेरिया, मलावी, लायबेरिया या देशांतही अशी कामे उभी राहिली आणि ती चालवणारी माणसे तिथलीच आहेत.

एका किलोमीटरला किती?

गाडी चालू ठेवायची तर तिचा खरा खर्च माहीत हवा. पेट्रोल, ऑइल, टायर, सुटे भाग, मेकॅनिकचा पगार, आणि काही वर्षांनी नवी गाडी घेण्यासाठी बाजूला टाकायची रक्कम, हे सर्व मिळून एका किलोमीटरला किती पडते, हा हिशेब संस्थेने मांडला. गांबियामध्ये २००९ पासून या हिशेबावर मोठी व्यवस्था उभारली गेली. एका बँकेचे कर्ज आणि एका धर्मादाय संस्थेची हमी मिळवून ‘रायडर्स’ने स्वतः वाहने घेतली आणि ती आरोग्य मंत्रालयाला ठरावीक दराने वापरायला दिली. मंत्रालयाला वर्षाच्या सुरुवातीलाच खर्च कळतो आणि गाडी नादुरुस्त झाली तर जबाबदारी कुणाची, यावर वाद राहत नाही.

शेवटच्या टप्प्याचा हा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही सोडवता येतो. पुण्यातच तयार झालेली मेनआफ्रिव्हॅक ही मेंदूज्वराच्या ‘अ’ प्रकाराची लस २०१० पासून बुर्किना फासो आणि शेजारच्या देशांत दिली गेली. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी होती. २०१२ मध्ये या लशीला एक महत्त्वाची परवानगी मिळाली. ती ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस बर्फाशिवाय ठेवता येते, असे सिद्ध झाले होते. त्यामुळे दुर्गम गावांत बर्फाचे ओझे न नेता मोहिमा करता आल्या. २०१७ नंतर आफ्रिकेतील त्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या या प्रकाराचा एकही खात्रीलायक रुग्ण आढळलेला नाही. पण सर्वच लशी इतक्या सोशिक नसतात. मलेरियाच्या लशीला बर्फ आणि वेळेवर सुटणारी गाडी, दोन्ही लागतात.

छोट्या देणगीची मर्यादा

छोट्या देणग्यांनी आरोग्यसेवा चालत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. डॉक्टर-नर्सचे पगार, औषधे, इमारती ही सरकारचीच जबाबदारी आहे. २००१ मध्ये नायजेरियातील अबुजा येथे आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी अंदाजपत्रकातील किमान १५ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करण्याचे ठरवले होते. फार थोड्या देशांना ते जमले. उरलेली जागा परदेशी मदतीने भरून काढली जात होती. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने ही मदत एकाएकी गोठवली आणि लेसोथोसह अनेक देशांतील एचआयव्ही कार्यक्रम अडचणीत आले. एवढे मोठे खिंडार शर्यतीच्या तिकिटांनी किंवा खाऊच्या विक्रीने बुजत नाही.

मग छोट्या देणगीचा उपयोग काय? मोठ्या योजनांमध्ये औषधांची आणि यंत्रांची तरतूद असते, पण चेन, टायर, गाळणी, मेकॅनिकचा पगार यांसाठी पैसे मागायला कुणी धजावत नाही. या नीरस खर्चासाठी छोटी पण नियमित देणगी उपयोगी पडते. एकदा दिलेल्या पाच हजारांपेक्षा दर महिन्याला दिलेले चारशे रुपये अशा कामाला अधिक मानवतात. कारण टायर दरवर्षी झिजतो.

कुठल्याही दूरच्या दवाखान्यासाठी देणगी देताना चार प्रश्न विचारायला हरकत नाही. ही वस्तू तिथल्या लोकांनी मागितली आहे का? बिघडली तर दुरुस्त कोण करणार आणि त्याचा पगार कोण देणार? तीन वर्षांनी ती चालू आहे की नाही, हे कोण कळवणार? आणि स्थानिक आरोग्य विभाग या कामात सामील आहे का? ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही, तिथे पैसा सहसा सत्कारणी लागतो. आणि एखादी संस्था नव्या गाडीऐवजी जुन्या गाडीच्या ब्रेकसाठी पैसे मागत असेल, तर तिला नकार देण्यापूर्वी थोडा विचार करावा. डोंगरावरच्या दवाखान्यात वाळलेल्या रक्ताचे एखादे कार्ड त्याच गाडीची वाट पाहत असू शकते.