खातो खूप, तरी वजन घटतं?

चार पोळ्या, वर वाटीभर भात आणि तासाभरात पुन्हा "आई, भूक लागली!" तरी वजन घटतच चाललंय. असं खरंच होतं बरं का!

गळ्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. वर-खाली होतं ना काहीतरी? त्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. मिठातलं आयोडिन घेऊन ती थायरॉक्सिन बनवते. पेशींनी ऊर्जा किती भराभर वापरायची, ते हे थायरॉक्सिन ठरवतं. त्याची ताकद किती? 1912 मध्ये गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञानं बेडकाच्या इवल्या पिल्लांना थायरॉइड खाऊ घातली, तर ती वाढायच्या आधीच भराभर चिमुकले बेडूक झाली!

मुलांमध्ये ही ग्रंथी अतिसक्रिय होते ती बहुतेकदा ग्रेव्ह्‌ज आजारामुळे. आपलं रक्षण करणारी यंत्रणाच चुकून तिला 'बनव, अजून बनव' असा निरोप देत राहते. मग छाती धडधडते, हात थरथरतात, अक्षर बिघडतं, वर्गात लक्ष लागत नाही. खाल्लेलं सगळं खर्च होतं, स्नायूसुद्धा झिजतात. बिचाऱ्या मुलाला मात्र 'चुळबुळ्या' म्हणून बोलणी बसतात!

यावर कार्बिमाझोलसारख्या गोळ्या असतात. त्या नवं थायरॉक्सिन बनणं कमी करतात, पण आधीच बनलेलं संपायला वेळ लागतो. म्हणून गुण यायला काही आठवडे जातात. मग गेलेलं वजन परत येतं. हे चांगलंच आहे, झिजलेले स्नायू भरून येतात ना!

काही मुलांचं वजन मात्र पूर्वीपेक्षाही वाढतं. शरीराचा खर्च उतरलेला असतो, पण ताटभर जेवायची सवय लगेच कशी सुटणार? कधी गोळीचा डोस जास्त होऊन थायरॉइड फारच मंदावते, त्यानंही वजन वाढतं. यात मुलाचा काय दोष? त्याला 'जाड्या' म्हणणं मला तरी अजिबात पटत नाही. आणि वजनाच्या भीतीनं मनानंच गोळ्या बंद केल्या, तर धडधड परत येऊ शकते.

वाढत्या वयात वजन वाढायलाच हवं. मग जास्त वाढलं हे कळणार कसं? त्यासाठी डॉक्टर दर वेळी उंचीही मोजतात आणि दोन्हींचे आलेख शेजारी ठेवतात. वजन उंचीला फारच मागे टाकू लागलं, तर रक्त तपासून डोस बदलायचा की ताटातलं जेवण, ते ठरवतात.