जुनं रिव्हॉल्व्हर आणि टिटवाळ्याचा पावसाळा

खंडेनवमीला कपाटातली हत्यारं पाटावर येतात. टिटवाळ्यात हा सण येतो तो चार महिन्यांच्या दमट हवेनंतर. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागतं, आणि काळू नदीकाठच्या या गावात पावसाळाभर ती त्याहून बरीच वर असते. ज्या घरात वडील-आजोबांच्या काळचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, त्या घराने पूजेबरोबर गंजाचीही काळजी घ्यायला हवी. गंध-कुंकू पाटाला लावावं, पोलादाला नाही. ओलं कुंकू सिलिंडरच्या फटीत बसलं की तिथे ओल धरून राहतं.

अशा घरांत बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं किंवा त्याच धर्तीवर कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं पॉइंट ३२चं रिव्हॉल्व्हर आढळतं. अंगठ्याने खिट्टी दाबली की नळी पुढे झुकते आणि मधली चांदणी सगळी काडतुसं एकदम वर उचलते. साफसफाईची पहिली पायरी हीच. हत्यार उघडायचं, सिलिंडरमधलं काडतुसाचं प्रत्येक घर डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं. त्याआधी फडक्यालाही हात लावायचा नाही.

पुढचं काम सोपं आहे. नळीत आणि प्रत्येक घरात ब्रश, मग कोरडं फडकं, शेवटी तेलाचा पातळ हात. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचा क्षार मागे उरतो, मिठासारखी ओल ओढतो आणि तेलात विरघळत नाही. तो आधी गरम पाण्यानेच काढावा लागतो. नंतर नळी पूर्ण कोरडी करून तेल द्यायचं. तेल जास्त झालं तरी नुकसानच. ते घट्ट होऊन धूळ धरतं आणि काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर बार फुकट जातो.

गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर घेऊ नये. निळसर-काळा मुलामा अगदी पातळ असतो, तो पहिल्या घासणीतच जातो. त्याहून गंभीर म्हणजे कोरलेला क्रमांक पुसट होतो. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ८ नुसार ओळखखूण खोडणं हा गुन्हा आहे. चामड्याच्या म्यानातही हत्यार कायमचं ठेवू नये, चामडं ओल धरतं. कुलपाच्या कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की बदलावी.

बिघाड बहुधा आधी खुणावतो. सिलिंडर जड फिरत असेल तर चांदणीखाली बघा. न जळालेल्या दारूचा एखादा कण तिथे अडकला तरी सिलिंडर अडतो, आणि ब्रश फिरवला की मोकळा होतो. घरच्या दुरुस्तीची हद्द इथे संपते. मागे ओढलेला घोडा अंगठ्याने हलकं रेटताच पडत असेल, सिलिंडर जागेवर पक्का बसत नसेल, घर आणि नळी एका रेषेत येत नसतील, तर हत्यार वापरातून काढायचं. रेंजवर बार नेहमीपेक्षा मऊ वाजला तर तिथेच थांबायचं, कारण गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढचा बार नळी फोडू शकतो. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायात शिरली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं त्यांच्या व्यवस्थापकाने तेव्हा सांगितलं. अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसराची पट्टी नसते, त्यामुळे भरलेलं हत्यार पडलं तर चाप न ओढताही बार होऊ शकतो. घरात हत्यार रिकामंच ठेवायचं, हा नियम म्हणून जिवाचा आहे.

शस्त्राची दुरुस्ती हे कलम ५ प्रमाणे परवान्याचं काम आहे. स्प्रिंग कापणं, सुटा भाग घासून बसवणं, ओळखीच्या लेथवाल्याकडून पिन करून घेणं, हे सारं त्यात येतं. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच जावं, आणि तोही जुना भाग मिळत नाही म्हणाला तर ते ऐकावं.

परवानाधारक गेल्यावर घरच्यांनी हत्यार कपाटात तसंच ठेवू नये. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार वारसाला परवाना मागता येतो. मूळ धारक सत्तरीला पोहोचला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयातीतच वारस सुचवू शकतो. २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाची तारीख घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावी. आणि सांभाळायला कुणीच तयार नसेल, तर आजोबांची आठवण म्हणून भीड न धरता हत्यार जमा करावं. आठवणीसाठी त्यांचा फोटो पुरतो.