भोर-वेल्ह्यातल्या घरासाठी खिडकीची काच

भोर अक्षांश १८ अंशांच्या जरा वर असल्याने मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. म्हणून उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जाही पुरतो. खरा ताप होतो पश्चिमेच्या खिडकीचा. तिथे तिरपे ऊन छज्ज्याखालून घरात शिरते.

काच निवडताना दोन आकडे पाहावेत. पहिला सौर उष्णता गुणांक. साध्या पारदर्शक काचेचा तो ०.८ च्या आसपास असतो, म्हणजे उन्हातली सुमारे ८० टक्के उष्णता आत येते. पश्चिमेला ०.३ ते ०.४ ची लेपित काच लावावी. गडद रंगाची काच मात्र उजेड घालवते आणि स्वतः तापते. दुसरा यू-मूल्य, म्हणजे काचेतून उष्णता किती सहज वाहते त्याचे माप: एकेरी काचेचे ५.७, मध्ये हवा कोंडलेल्या दुहेरीचे सुमारे २.८. वातानुकूलन नसलेल्या, खिडक्या उघड्या राहणाऱ्या घरात दुहेरी काचेचा खर्च सहसा वसूल होत नाही.

वेल्ह्याकडच्या धुवाधार पावसात कडेचे सील महत्त्वाचे. ते सुटले की दुहेरी काचेच्या आत बाष्प धरते, आणि ते पुसता येत नाही. तिथे छज्जा खोलच हवा. तोच मे महिन्यात सावलीही देतो.