शकुंतलेच्या रुळांवर

दिवाळीत बहिणीचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे यवतमाळला आला होता. दोन दिवस फराळ आणि झोप झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, "मामा, इथं बघायला काय आहे?"

पाहुण्यांच्या तोंडून हा प्रश्न आम्ही यवतमाळकर लहानपणापासून ऐकत आलोय आणि आमची उत्तरंही ठरलेली आहेत. कळंबला जा, पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात बसलेल्या चिंतामणीचं दर्शन घे, तिथलं कुंड पाहा. वाघ बघायचा असेल तर पांढरकवड्याजवळ टिपेश्वर आहे. याच टिपेश्वरातून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ तीन हजार किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत स्थिरावला होता. हे सगळं मी त्याला सांगितलं आणि दाखवणारही होतो. पण त्या सकाळी मी गाडी काढली ती दारव्ह्याच्या दिशेनं. रस्त्याकडेला एका शेताच्या बांधाशी थांबलो आणि त्याला म्हटलं, "ते गवत जरा बाजूला कर."

गवताखाली रूळ होते. गंजलेले, बारीक, एकमेकांच्या अगदी जवळ. भाच्यानं एक पाय या रुळावर ठेवला, दुसरा त्या रुळावर, आणि सहज उभा राहिला. "एवढीशीच?" तो म्हणाला.

एवढीशीच. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मुंबई–नागपूरच्या ब्रॉडगेजवर हेच अंतर १,६७६ मिलिमीटर असतं. या अडीच फुटांवरून यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी सुमारे ११३ किलोमीटरची गाडी चालायची. मूर्तिजापूरहून तीच वाट पुढं उत्तरेला अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर जायची. सरकारी कागदांत ती एक नॅरोगेज पॅसेंजर होती. वऱ्हाडातली माणसं मात्र तिला शकुंतला म्हणत.

ती कशी आली हे समजून घ्यायचं तर कापसापासून सुरुवात करावी लागते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. इथली काळी माती कापसाची आहे, हे इंग्रजांना चांगलं ठाऊक होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळकडून पुढं सरकत होते. १८६७ मध्ये ते नागपूरला पोचले. पण ही मुख्य लाइन मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव अशी उत्तरेकडून निघून गेली. यवतमाळ दक्षिणेला पठारावर राहिलं. आजही यवतमाळचा माणूस रेल्वेला जायचं म्हटलं की धामणगावची एसटी पकडतो, त्याचं मूळ तिथं आहे.

शेतकऱ्याच्या घरचा कापूस बैलबंडीतून जिनिंगला जायचा. तिथं रेच्यावर सरकी वेगळी व्हायची, रुई निघायची. मग प्रेसमध्ये दाबून गाठी बांधल्या जायच्या. रुईचा स्वभाव असा की वजन थोडं आणि जागा अफाट. गाठ बांधली तरी ती बंडीवर लादून पावसाळी काळ्या मातीच्या रस्त्यानं पठार उतरवायची म्हणजे बैलांचे हाल. किलिक-निक्सन ही मुंबईची कंपनी १८५७ पासून धंदा करत होती. तिनं हे हेरलं आणि १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या भागात नॅरोगेजचं जाळं विणलं गेलं: यवतमाळ–मूर्तिजापूर, मूर्तिजापूर–अचलपूर, आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगाव–आर्वी.

अडीच फुटांची लाइन टाकण्यामागं साधा हिशेब होता. रूळ हलके चालतात, पूल लहान लागतात, जमीन कमी लागते, आणि वळण कितीही घ्या, गाडी वळते. टेकाड आलं की ते फोडण्यापेक्षा त्याला वळसा घालणं परवडतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं हा हिशेब महाराष्ट्रातच सिद्ध करून दाखवला होता. १८९७ मध्ये सुरू झालेली त्याची बार्शी लाइट रेल्वे याच मापाची होती. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. कापसासारख्या मालाला याहून सोयीची गाडी कुठली?

गैरसोय एकच, ती मूर्तिजापूरला. अडीच फुटांचे डबे ब्रॉडगेजवर चढत नाहीत. त्यामुळं एका गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागायचा. कापूस तिथून मुंबई बंदरात जायचा आणि बोटीनं मँचेस्टर गाठायचा. शकुंतलेला पुढं जे प्रसिद्ध वाफेचं इंजिन मिळालं, तेही मँचेस्टरचंच. झेडडी वर्गाचं हे इंजिन १९२१ मध्ये तिथं तयार झालं आणि १९२३ मध्ये इकडं कामाला लागलं. आमच्या शेतातली रुई तिकडं गेली, तिकडचं लोखंड इकडं आलं. या व्यवहारात नफा कुणाच्या पदरात पडला हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण ते लोखंड इथल्या माणसांच्या हातात पडलं आणि इथलंच होऊन गेलं. सत्तर वर्षं त्यानं गाडी ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी ते थांबलं आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं.

देश स्वतंत्र झाला, १९५१ मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या. शकुंतला मात्र त्या हिशेबातून सुटली. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार मध्य रेल्वे, आणि त्यापोटी कंपनीला रॉयल्टी, अशी व्यवस्था पुढं दशकानुदशकं चालू राहिली. पारतंत्र्यातला करार स्वतंत्र देशात चालत राहिल्याची ही विलक्षण गोष्ट वर्तमानपत्रांनी पुष्कळदा छापली. पण तिची खरी किंमत इथल्या प्रवाशानं मोजली. मालक एक, चालवणारा दुसरा. मग रूळ बदलायचा खर्च कुणी करायचा? दोघांच्या मध्ये लाकडी स्लीपर कुजत गेले आणि गाडीचा वेग कमी-कमी होत गेला.

मी लहान असताना या गाडीनं कारंज्याला गेलोय. आजीला गुरुमंदिराचं दर्शन घ्यायचं होतं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून कारंज्याला दत्तभक्तांची रीघ असते. पहाटे उठून दशम्या आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला होता. डब्यात लाकडी बाक, खिडक्यांना गज, आणि वरच्या फळीवर लोकांच्या टोपल्या. लाडखेड मागं पडलं, दारव्हा मोतीबाग आलं. तिथं गाडी इतका वेळ थांबली की आमचं जेवण उरकून झालं. दारव्हा मोतीबाग एके काळी जंक्शन होतं, तिथून पुसदकडे एक फाटा जायचा. तो कधीच उखडला गेला, स्टेशनचा थाट तेवढा उरला.

एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून आजही जात नाही. गाडी एका रस्त्याच्या अलीकडं थांबली. गाडीतलाच एक कर्मचारी खाली उतरला, पुढं चालत गेला आणि त्यानं फाटक लावलं. बैलबंडीवाला तिकडं थांबला. गाडी रस्ता ओलांडून पुढं जाऊन पुन्हा थांबली. कर्मचाऱ्यानं मागं येऊन फाटक उघडलं, बंडीवाल्याशी दोन शब्द बोलला, आणि चालत येऊन डब्यात चढला. कुणी घाई केली नाही, कुणी चिडलं नाही. सिग्नल पाडणं, इंजिन जोडणं-सोडणं, तिकीट फाडणं ही सगळी कामं मोजकी माणसं आळीपाळीनं करत. आजी म्हणाली, "घरच्या लग्नात जसं सगळे सगळं करतात, तसं चाललंय."

गाडीचा वेग ताशी वीसेक किलोमीटर. मूर्तिजापूर गाठायला सहा-सात तास. एसटी कितीतरी आधी पोचवायची. तरी शकुंतला भरून जायची, कारण तिचं तिकीट एसटीच्या मानानं फार थोडं होतं, आणि डब्यात टोपली, गाठोडं, शेळीचं पिल्लू यांना कुणी नाही म्हणत नसे. मजुरीला निघालेल्या बाया, भाजी घेऊन बाजाराला जाणारे, बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक, हिची माणसं ही होती. ज्यांच्याकडं वेळ होता आणि पैसा नव्हता, त्यांच्यासाठी ती गाडी होती. कापसासाठी टाकलेली लाइन गरिबाची झाली, तिचं मोठेपण मला यातच वाटतं.

गेल्या दशकाच्या मध्यावर यवतमाळची गाडी थांबली. अचलपूरच्या बाजूची गाडी २०२० पर्यंत बंद पडत, पुन्हा सुरू होत कशीबशी टिकली. मग तीही थांबली. गेज बदलून ब्रॉडगेज करायची घोषणा २०१६ मध्ये झाली. तेव्हापासून या पट्ट्यातली माणसं निवेदनं देताहेत, आंदोलनं करताहेत, वाट पाहताहेत. दरम्यान यवतमाळला वेगळ्या दिशेनं रेल्वे येते आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या ब्रॉडगेज मार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. हा मार्ग पुढं दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा जाणार आहे. पुसदला पुन्हा रूळ पोचतील. मला त्याचा मनापासून आनंद आहे. आमच्या पोरांना शिकायला आणि आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला वेगाची गाडी हवी, आणि ती फार आधी मिळायला हवी होती.

पण म्हणून शकुंतलेचे रूळ भंगारात जावेत, हे मला मान्य नाही. बार्शी लाइटचं उदाहरण समोर आहे. तिचं ब्रॉडगेज झालं, लातूरकरांची सोय झाली, ते योग्यच झालं. पण कॅलथ्रॉपच्या त्या गाडीत आज बसायचं म्हटलं तर बसता येत नाही. दुसरं उदाहरण नेरळ–माथेरानचं. १९०७ ची ती दोन फुटी गाडी पावसात वाहून गेलेले रूळ पुन्हा टाकून चालवली जाते, कारण तिच्या शेवटी थंड हवेचं गाव आहे आणि पैसे खर्च करणारा पर्यटक आहे. शकुंतलेच्या शेवटी यवतमाळ होतं, आणि डब्यात मजूर होते. दार्जिलिंग, निलगिरी, कालका–सिमला या गाड्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. डोंगराला जो मान मिळतो तो काळ्या मातीच्या पठाराला का मिळू नये?

इंजिन रंगवून चौकात चबुतऱ्यावर उभं केलं की वारसा जपला, असं आपण समजतो. शकुंतलेच्या बाबतीत तेवढ्यानं काहीच जपलं जाणार नाही. तिच्यात बघण्यासारखं फार थोडं होतं. जे होतं ते तिच्या चालण्यात होतं: संथपणात, थांबण्यात, फाटक लावायला उतरणाऱ्या माणसात. त्यामुळं मागणी एवढीच आहे की एक छोटा तुकडा चालता ठेवा. यवतमाळ ते लाडखेड चालेल, दारव्हा ते कारंजा चालेल. आठवड्यातून दोन दिवस गाडी सोडा. सकाळी कळंबचा चिंतामणी बघितलेला माणूस दुपारी तिच्यात बसेल, दुसऱ्या दिवशी टिपेश्वरला जाईल. कापसाच्या हंगामात तर खिडकीतून दोन्हीकडं पांढरी शेतं दिसतील. आणि तिकीट असं ठेवा की वाटेवरच्या गावातल्या बाईलाही टोपली घेऊन तिच्यात बसता येईल. तिला वगळून चालवलेली गाडी शकुंतला म्हणवून घेऊ शकणार नाही.

भाच्याशी हे बोलत असताना शेजारच्या शेतातून एक म्हातारे गृहस्थ शेळ्या घेऊन आले. हातात पऱ्हाटीची काडी, डोक्याला दुपट्टा. आम्हाला रुळांशी वाकलेलं बघून थांबले.

"गाडी पाहाले आले का भाऊ?"

"हो काकाजी. पोराला दाखवत होतो."

"आता कायची गाडी बाप्पा! माह्या लग्नाची वरात याच गाडीनं कारंज्याले गेलती. सारं गाव मावलं तिच्यात." ते जरा हसले. "हळू चाले म्हणतेत लोक. हळू चाले म्हणून तं आमाले जमे."

भाच्यानं विचारलं, "आजोबा, गाडी बंद होऊन किती वर्षं झाली?"

"झाले असतीन दहाक," ते म्हणाले, आणि शेळ्यांना हाळी दिली. कळप रुळाच्या दिशेनं निघाला. रूळ चार पावलांवर आले तसं त्यांनी काडी आडवी धरली. शेळ्या थांबल्या. म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून आधी यवतमाळच्या बाजूला पाहिलं, मग दारव्ह्याच्या बाजूला पाहिलं, आणि मग काडी बाजूला करून शेळ्यांना पलीकडं सोडलं.