दुव्यासोबत जाणारी पाटी

बाजारपेठेतील दुकानाची पाटी दुकानावरच असते. गिऱ्हाईक रस्त्याने चालत येते, मान वर करते आणि पाटी वाचूनच पायरी चढते. संकेतस्थळाची पाटी मात्र संकेतस्थळावर नसते. ती परक्या भिंतीवर लागते. कधी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात, कधी फेसबुकवर, कधी लिंक्डइनवर. कोणी दुवा पाठवला की त्यासोबत एक चित्र, शीर्षक आणि दोन ओळींचा परिचय आपोआप उमटतो. या चित्रालाच प्रिव्ह्यू इमेज, म्हणजे पूर्वदर्शन-चित्र म्हणतात. आत यावे की पुढे जावे, हे वाचक पुष्कळदा त्यावरूनच ठरवतो.

व्यापारी घरांतील अनेक मुली-सुना आज पाककृती, हस्तकला वा प्रवास यांवर स्वतःची संकेतस्थळे चालवतात. लेखनावर त्या आठ-आठ दिवस खपतात. पूर्वदर्शन-चित्राकडे मात्र दुर्लक्ष होते. मग समाजमाध्यम स्वतःच पानावरचे कोणतेही चित्र उचलते. कधी बोधचिन्हाचा तुकडा, कधी जाहिरातीचा कोपरा, तर कधी काहीच नाही.

हे टाळण्याची व्यवस्था जुनीच आहे. २०१० मध्ये फेसबुकने ‘ओपन ग्राफ’ नावाची पद्धत आणली. पानाच्या न दिसणाऱ्या भागात शीर्षक, प्रकार, चित्र आणि पत्ता अशा चार मूळ नोंदी करायच्या, म्हणजे दुवा दाखवणारे माध्यम त्या वाचून पाटी तयार करते. पुढे इतर माध्यमांनीही हीच पद्धत स्वीकारली. संकेतस्थळ उभारून देणाऱ्या बहुतेक साधनांत यासाठी तयार रकाना असतो. चित्राचा पत्ता मात्र ‘एचटीटीपीएस’पासून पूर्ण द्यावा लागतो, अर्धवट पत्त्यावर चित्र सापडेलच याची खात्री नसते.

चित्राचे रूढ माप १२०० गुणिले ६३० पिक्सेल आहे. रुंदी उंचीच्या साधारण १.९१ पट. फेसबुकवर ६०० गुणिले ३१५ पेक्षा लहान चित्र मोठ्या आकारात दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी फाइल ६०० केबीच्या आत ठेवणे हिताचे. जेपीजी वा पीएनजी प्रकार चालतो; एसव्हीजी चालत नाही. याशिवाय एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. काही ठिकाणी चित्राच्या दोन्ही बाजू कापून केवळ मधला चौकोन दाखवला जातो. म्हणून मुख्य वस्तू आणि मुख्य शब्द मधल्या ६३० पिक्सेलमध्येच असावेत. कडेला ठेवलेले नाव अर्धे कापले गेले, तर पाटीच फुटल्यासारखी दिसते.

एक उदाहरण घेता येईल. कांदा, लसूण आणि बटाटा यांविना पावभाजीची कृती एखाद्या पानावर दिली आहे. बटाट्याच्या जागी कच्चे केळे आहे. शीर्षक ‘घरच्या घरी जैन पावभाजी’ असे असेल, तर चित्रावर तेच पुन्हा लिहिण्यात जागा वाया जाते. शीर्षक जे सांगत नाही, ते चित्राने सांगावे: ‘कच्च्या केळ्यांची’. शेजारी तव्यावरची भाजी आणि सोललेले केळे. दोन-तीन शब्द, एक वस्तू, एक शांत पार्श्वभूमी, एवढे पुरते. १२०० पिक्सेलचे चित्र मोबाइलच्या पडद्यावर एक तृतीयांशाहूनही लहान होऊन दिसते. संगणकावर साठ पिक्सेल उंच असलेले अक्षर तिथे अठराच्या आसपास उरते, आणि चोवीसचे अक्षर वाचताच येत नाही.

देवनागरीची निकड आणखी वेगळी आहे. रोमन लिपीसाठी केलेल्या साच्यात दोन ओळींतील अंतर कमी असते. त्यात मराठी मजकूर घातला, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. म्हणून अंतर सढळ ठेवावे. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ आणि ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट विनामूल्य आहेत आणि लहान आकारातही सुवाच्य राहतात. काही साधने शीर्षकावरून आपोआप चित्र तयार करतात, पण सर्वांनाच जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. ‘कच्च्या’ची अक्षरे हलन्त होऊन सुटी पडतात, ह्रस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. ‘गिऱ्हाईक’ हा शब्द नीट उमटला, तर बाकी बहुतेक शब्द उमटतील. रंगांबाबत सुगम्यतेचा जागतिक निकष मोठ्या अक्षरांसाठी किमान ३:१ आणि लहान अक्षरांसाठी ४.५:१ एवढा उठाव मागतो. पांढऱ्यावर पिवळे अक्षर या कसोटीवर टिकत नाही.

ही सारी कारागिरी झाली. खरा प्रश्न पतीचा आहे. त्याच पावभाजीसाठी बाजारातून विकत घेतलेले छायाचित्र लावले आणि त्यात ताटलीच्या कडेला चिरलेला कांदा दिसला, तर ज्या घरासाठी ती कृती लिहिली, त्याच घराचा विश्वास उडतो. आत कितीही शुद्ध कृती असो, पान उघडलेच जात नाही. यंत्राने रचलेले, कधीच न शिजवलेल्या पदार्थाचे देखणे चित्रही असेच घात करते. वाचक तसा पदार्थ करू पाहतो, तो तसा होत नाही आणि दोष कृतीवर येतो. ‘हे पाहून थक्क व्हाल’ अशा पाट्यांनी पहिल्या दिवशी गर्दी होते. पण वजनात मारणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. आपल्याच स्वयंपाकघरात, खिडकीच्या उजेडात काढलेले साधे छायाचित्र म्हणूनच अधिक मोलाचे ठरते. दुसऱ्याचे छायाचित्र परवानगीविना वापरणे तर १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याचाही भंग आहे.

दुवा पाठवण्यापूर्वी पाटी तपासून पाहता येते. फेसबुकचे ‘शेअरिंग डीबगर’ आणि लिंक्डइनचे ‘पोस्ट इन्स्पेक्टर’ ही साधने दुवा कसा दिसेल ते दाखवतात. माध्यमे जुने चित्र साठवून ठेवतात. बदल केल्यावर याच साधनांतून ते पुन्हा वाचायला लावता येते. व्हॉट्सअ‍ॅपचे मात्र वेगळे आहे. तिथे चित्र पाठवणाऱ्याच्या मोबाइलवर तयार होते आणि संदेशाबरोबर पुढे जाते. संकेतस्थळावरचे चित्र नंतर दुरुस्त केले, तरी गेलेल्या संदेशातले बदलत नाही. म्हणून दुवा आधी घरातल्याच एखाद्या माणसाला पाठवावा, त्याच्या मोबाइलवर तो पाहावा, आणि चित्राकडे बघून आत काय असेल, एवढेच त्याला विचारावे. त्याचे उत्तर पानाशी जुळले, तरच तो दुवा समूहात जाऊ द्यावा.